बालाजीच्या बहिणीच्या लग्नातला टॉवेल

जिनिंगचा हंगाम सुरू झाला आणि महारुद्रच्या पोटात आग पडायला लागली. पाथरीच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, तो हिशेबनीस होता. कापसाच्या गाड्या उजाडायच्या आत दारात उभ्या राहायच्या, म्हणून परभणीहून पहिली एसटी धरून जायचं आणि अंधार पडल्यावर यायचं. मधल्या वेळात भूक लागली की समोरच्या हॉटेलात भजी, मिसळ, तळलेली मिरची आणि तोंडाची चव जायला पुन्हा भजी. डॉक्टरांनी त्याचं पोट दाबून पाहिलं आणि त्याच्याकडे न बघता राजेश्रीला विचारलं, "घरचं जेवण मिळत नाही का यांना?"

आता दुखणं नवऱ्याचं, भजी हॉटेलची, आणि मान खाली घालायची राजेश्रीनं. रिक्षात बसल्यावर तिनं या प्रश्नाची चांगली चार-पाच उत्तरं तयार केली. पण डॉक्टर मागे राहिले होते आणि शेजारी महारुद्र ढेकर देत होता.

घरचं जेवण मिळत नव्हतं याचं कारण अपेक्षा. वय दीड वर्ष. आईचा पदर हातातून सुटला तर तिला झोपेतही कळायचं. राजेश्रीनं पहाटे पिठात हात घातला रे घातला, की आतून हाक यायची. कडेवर पोरगी आणि एका हातानं भाकरी, असाही प्रयोग तिनं करून पाहिला. भाकरीला परभणी जिल्ह्याच्या नकाशाचा आकार आला आणि येलदरीकडचा सगळा भाग तव्यावर करपला. पोरगी पुन्हा झोपायची ती सूर्य चांगला वर आल्यावर, आणि तोवर नवरा मानवतच्या पुढे गेलेला असायचा.

म्हणजे स्वयंपाक होत होता, फक्त नवरा निघून गेल्यावर. तेव्हा नवरा आधी जाऊ दे, डबा मागून पाठवायचा, असं राजेश्रीनं ठरवलं. दिसायला केवढीशी गोष्ट!

शेजारच्या सुलाबाईंना या कामात कोणी बोलावलं नव्हतं, पण त्या मेथीची जुडी घेऊनच आल्या.

"हे बघ राजेश्री, डब्याचं एक शास्त्र हाय," त्या उंबऱ्यावर बसत म्हणाल्या. "भाजी सुकी पाहिजे, तेल सुटलं न्हाई पाहिजे, आन् रोज नवीन वाटली पाहिजे. नवीन असायची गरज न्हाई. वाटली पाहिजे."

"म्हणजे कसं?"

"आता मेथी घे. आज मेथीचं पिठलं. उरलेल्या मेथीचे उद्या धपाटे. परवा त्याच पानांत मुगाची दाळ टाकून कोरडी भाजी. आमचे हे नोकरीत होते तवर एका जुडीवर तीन दिवस काढले मी. रिटायर झाले तरी पत्ता लागला न्हाई माणसाला."

राजेश्रीला हे शास्त्र पटलं. हंगामभर हॉटेलात जाणारा पैसा वाचला तर अपेक्षाला पायात वाजणारे बूट घेता येणार होते. शिवाय तिच्या मनात आणखी एक गोष्ट होती. ती तिनं सुलाबाईंना सांगितली नाही, पण आपण सांगायला हरकत नाही. लग्न झाल्यापासून महारुद्रनं तिच्या स्वयंपाकाला कधी नाव ठेवलं नव्हतं आणि कधी चांगलंही म्हटलं नव्हतं. 'कसं झालंय?' असं विचारलं की तो म्हणायचा, 'बरं झालंय.' फार भूक लागलेली असली तर, 'झालंय बरं.' दूर देशी पोचलेला गरम डबा उघडल्यावर तरी या माणसाच्या तोंडातून एखादा जास्तीचा शब्द निघेल, अशी तिला आशा होती. बूट आपले वरकरणी.

पहिल्या दिवशी ती पोरीला कडेवर आणि डबा हातात घेऊन बसस्थानकाच्या खिडकीशी गेली. खिडकीतल्या गृहस्थांनी चष्मा वर केला.

"काय आहे?"

"डबा. पाथरीला पाठवायचाय."

"मग ते पार्सल झालं. वजन करावं लागेल, पावती करावी लागेल, घेणाऱ्याचं नाव-पत्ता लागेल. नाशवंत आहे का?"

"दुपारी जेवतात ते. तोवर काही होत नाही."

"ज्वालाग्राही पदार्थ आहे का आत?"

राजेश्रीनं क्षणभर विचार केला. आत सुलाबाईंच्या सल्ल्यानं केलेला ठेचा होता. "थोडा आहे," ती प्रामाणिकपणे म्हणाली.

गृहस्थांनी चष्मा खाली घेतला. तेवढ्यात अपेक्षानं खिडकीतून हात घालून त्यांचा शिक्का उचलला आणि त्यांच्या बाहीवर उमटवला. पार्सलचा विषय तिथंच मिटला.

स्टँडच्या बाहेर काळीपिवळी जीप घेऊन बालाजी उभा होता. परभणी ते पाथरी हा त्याचा रोजचा रस्ता. त्यानं सगळी हकीकत ऐकली आणि डबा सरळ हातातून काढून घेतला.

"वहिनी, डब्याला काय तिकीट लागतंय व्हय? एक तर हायच आपल्याकडं रोज, दवाखान्यातल्या सिस्टरचा. दोघं बसतील की शेजारी शेजारी! पाथरीला स्टँडपाशी गीताबाईंचं चहाचं दुकान हाय, तिथं ठेवतो. साहेब येऊन घेऊन जातील. रिकामा डबा दुपारच्या खेपेला परत."

असा डबा सुरू झाला. राजेश्री जुन्या फुलाफुलांच्या ओढणीत तो बांधायची आणि बालाजीच्या हाती द्यायची. कधी मुगाच्या डाळीचं घुटं आणि भाकरी, कधी कांदा, कढीपत्ता आणि दाणे घालून केलेला सुशीला. चुरमुऱ्याच्या या पदार्थाला बाईचं नाव का पडलं हे कोणाला ठाऊक नाही, पण ती बाई संसारी असणार, इतक्या थोडक्यात पोट भरते. संध्याकाळी स्टँडवर जाऊन ती डबा घेऊन यायची. तो रिकामा असायचा, न धुतलेला असायचा, आणि कडेला भाजीची रेघ वाळून बसलेली असायची.

"डबा कसा होता?"

"बरा होता."

पोटातली आग तेवढी विझली. राजेश्रीच्या पोटात मात्र थोडी सुरू झाली.

अशात बालाजीच्या बहिणीचं लग्न निघालं. बालाजी मोठ्या मनाचा. जीपमध्ये जो जो नेहमी बसायचा, किंवा ज्याचा डबा बसायचा, त्या सगळ्यांना आवतण, आणि मांडवातून परतताना घरटी टोपी आणि टॉवेल. टॉवेल हिरव्या चौकड्यांचा आणि जाडजूड. त्यानं अंग पुसलं तर पाणी एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जायचं, आत काही शिरायचं नाही. अंग पुसायला निरुपयोगी, पण डबा बांधायला याच्यासारखं दुसरं काही नाही. सांडलेलं तेल बाहेर यायची सोयच नव्हती. राजेश्रीनं ओढणी धुऊन ठेवून दिली आणि दुसऱ्या दिवसापासून डबा टॉवेलात बांधला.

तो टॉवेल पाहून हेच दुसऱ्या कुणाला सुचलं नसेल, असं तिला वाटलं. प्रत्येकालाच तसं वाटतं.

त्या रात्री महारुद्र हातपाय धुऊन बसला आणि आपण होऊन बोलला. "आज वांगं काय झालं होतं गं! जरासा धुराचा वास, आत दाण्याचा कूट. लय दिवसांनी असं वांगं खाल्लं."

राजेश्रीच्या हातातली वाटी तशीच राहिली. तिनं दोडका पाठवला होता.

दोडका आणि वांगं यांतला फरक कळत नसलेल्या माणसाशी आपलं लग्न झालंय, हे दुःख गिळून ती झोपली. पण दुसऱ्या दिवशी त्याला जवसाची चटणी आवडली. तिसऱ्या दिवशी तुरीच्या हिरव्या दाण्यांची आमटी. घरात जवस नव्हते आणि तुरीचे दाणे सोलायला तिला वेळच नव्हता.

आणखी एक नवल झालं. डबा घासूनपुसून लख्ख परत यायला लागला. आणि रिकामा नव्हे! एक दिवस आत मूठभर बोरं निघाली. एक दिवस भाजलेल्या शेंगा. एक दिवस पिवळंधमक लिंबू. भरून आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही आपल्याकडची रीत. पण ती नवऱ्यांना लागू नसावी, असा तिचा आजवरचा अनुभव होता. तिला गहिवरून आलं. भाज्यांची नावं चुकतात बिचाऱ्याची, पण मन चुकत नाही.

"बोरं गोड होती हं," ती लाजत म्हणाली.

"कसली बोरं?" महारुद्रनं विचारलं.

"डब्यातली. तुम्ही पाठवलेली."

"मी कशाला बोरं पाठवू? मी तिथं कापूस मोजायला जातो."

मग राजेश्रीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तिनं घरी येणारा डबा उलटा करून पाहिला. तळाशी तिचंच नाव कोरलेलं होतं, आईनं लग्नात दिलेल्या सगळ्या भांड्यांवर होतं तसं. म्हणजे डबा तिचा जात होता, तिचाच येत होता, पण पाथरीला तो महारुद्रच्या पुढ्यात उघडत नव्हता. नवरा रोज भलत्याच कुणाच्या हातचं खात होता, परक्या घरच्या डब्यात, आणि त्याला ना भाजी ओळखू येत होती ना भांडं.

आता तुम्ही म्हणाल, तिनं लगेच सांगून टाकायला हवं होतं. हवंच होतं. पण रोज रात्री तो माणूस पाटावर बसून तिच्याकडे कौतुकानं बघत होता. 'तुझ्या हाताला काय चव आलीय!' असं म्हणत होता. कौतुक भलत्याच्या पत्त्याचं होतं खरं, पण येत होतं तिच्या घरी, आणि तिनं आयुष्यात असं टपाल कधी पाहिलं नव्हतं. उद्या सांगू, असं ती रोज ठरवायची. मधल्या मधे तसलं वांगं आपल्याला जमतं का हेही तिनं करून पाहिलं. तीळ घातले, खोबरं घातलं, येसराचा मसाला घातला. धुराचा वास काही येईना.

सुलाबाईंना मात्र तिनं सांगितलं आणि पस्तावली.

"कोण हाय ती?" सुलाबाईंनी आवाज खाली आणला.

"कोण?"

"जी रांधायलीय ती! वांगं भाजती, जवस कुटती, तुरी सोलती. पोरबाळ नसणार तिला. सडपातळ असंल. असल्या बाया पहाटं उठून वेणी घालून मग चूल पेटवत्यात." त्यांनी राजेश्रीच्या केसांत अडकलेल्या पिठाकडे पाहिलं. "तू जा आन् बघून ये एकदा."

ती वेणीवाली बाई राजेश्रीच्या डोक्यातून जाईना. शेवटी एका सकाळी कच्चा-पक्का डबा भरून ती नेहमीपेक्षा लवकर स्टँडवर गेली. अपेक्षा कडेवर होती, अर्ध्या झोपेत. बालाजीची जीप उभी होती, बालाजी टायरला लाथ मारून हवा बघत होता, आणि सीटपाशी हिरव्या चौकड्यांच्या टॉवेलात बांधलेला एक डबा घेऊन एक माणूस उभा होता. अंगानं धिप्पाड, मिशा पांढऱ्याशुभ्र, डोक्याला बालाजीच्याच बहिणीच्या लग्नातली टोपी. वेणीचा पत्ता नव्हता.

"काका, हा डबा कोणाचा?"

"माझ्या पोरीचा. निकिताचा. पाथरीच्या दवाखान्यात नर्स हाय, तिथंच खोली घेऊन राहती," ते म्हणाले. किशनराव त्यांचं नाव. त्यांचं लक्ष राजेश्रीच्या हातातल्या टॉवेलाकडे गेलं. मग आपल्या हातातल्या टॉवेलाकडे. मग दोघांनी मिळून बालाजीकडे पाहिलं.

"न्हाई न्हाई, माझं बराबर असतंय!" बालाजीनं हात वर केले. "टॉवेल एकसारखे झाले म्हणून मी गीताबाईंना सांगून ठेवलंय ना. उजवीकडं ठेवला तो जिनिंगचा, डावीकडं तो दवाखान्याचा. एक दिवस चुकलो न्हाई!"

"तू कुठून ठेवतोस? दुकानाबाहेर उभा राहून?" किशनरावांनी विचारलं.

"मग? आत कशाला जाऊ?"

"आन् गीताबाई कुठं बसती?"

"आतल्या बाजूला, माझ्याकडं तोंड करून..." बालाजी म्हणाला, आणि त्याचा उजवा हात हळूहळू खाली आला. थोडा वेळ तो दोन्ही हातांकडे बघत राहिला, जणू त्यातल्या एकानं त्याला दगा दिला होता.

"मग तुझ्या डब्यात गेल्या आठवड्यात धपाटे होते का गं पोरी?" किशनरावांनी विचारलं.

"होते. मेथीचे."

"तरीच! निकिता फोनवर म्हनली, बाबा, धपाटे लय मऊ झाले होते. मी तर भाकरी दिली होती. मला वाटलं पोरगी थकली, काय खायलीय तेबी कळंना तिला." ते जीपच्या पायरीवर बसले. त्यांच्या मिशा जरा उतरल्या. "रोज कौतुक करायली बघ. बाबा, आता तुमचा हात बसला म्हनती. तिची आई गेल्यापासून मीच करतो डबा. लाईनमन होतो, येलदरीला असताना हातानं करून खायचो, पन ते आपल्यापुरतं. पोरीला आवडावं म्हणून लय धडपडलो. आन् आवडला तो तुझा."

राजेश्रीला एकदम स्वतःच्या घरचा पाट दिसला, आणि त्यावर बसून बोलणारा महारुद्र. हेच दुःख ती इतके दिवस एकटीच गिळत होती.

"काका," ती म्हणाली, "मागं तुम्ही वांगं दिलं होतं, धुराच्या वासाचं."

"हां."

"आमचे हे लग्नापासून स्वयंपाकाबद्दल बोललेले नाहीत. त्या रात्री बोलले. लय दिवसांनी असं वांगं खाल्लं म्हणाले."

किशनरावांनी मान वर केली. "असं म्हनले?"

"जवसाच्या चटणीचं तर दोन दिवस चाललं होतं. आणि तुरीच्या आमटीला म्हणाले, वाटी पुसून खाल्ली."

"वाटी पुसून?"

"हो."

"परत सांग बरं, वांग्याला काय म्हनले?"

राजेश्रीनं परत सांगितलं. वाटेल तेवढ्या वेळा सांगायची तिची तयारी होती. मग किशनरावांनीही हात राखला नाही. निकिता सुशीलाला काय म्हणाली, मुगाच्या घुट्याला काय म्हणाली, दवाखान्यातल्या बाकीच्या नर्सा तिच्या डब्यावर कशा तुटून पडल्या, सगळं सांगितलं. जीपच्या पायरीवर बसून दोघांनी एकमेकांची थकलेली बाकी अशी चुकती केली. बालाजीनं दोनदा हॉर्न वाजवला, कोणी लक्ष दिलं नाही.

"धुराचा वास कसा आणता, काका? मी सगळं करून पाहिलं."

किशनरावांनी इकडं तिकडं पाहिलं. "कोणाला सांगू नको. वांगं गॅसवर ठेवून मी झाडाला पाणी घालायला जातो आन् इसरतो. करपतंय ते."

मग त्यांनी तिथंच निकिताला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावा म्हणून आवाज मोठा केला.

"बाबा, मला पहिल्या दिवशीच कळलं होतं," पलीकडून निकिता म्हणाली. "डबासुद्धा आपला नव्हता. मला वाटलं, तुम्ही थकलात, एखाद्या बाईकडून डबा लावलात आणि मला सांगायला लाजताय. म्हणून मी कौतुक करत होते, तुम्हाला वाईट नको वाटायला. आणि परक्याचा डबा रिकामा कसा पाठवायचा, म्हणून बोरं घालत होते."

"मग माझा डबा धुवत का नव्हतीस? नर्स असून? रोज कडंला भाजी वाळलेली!"

राजेश्रीचे कान तापले.

"ते आमचे हे," ती म्हणाली.

अपेक्षाच्या केसांतली लाल रिबीन सोडून तिनं आपल्या टॉवेलाच्या गाठीला बांधली. जीप निघाली. त्या संध्याकाळी डबा रिकामा आला, न धुतलेला आला, कडेला पिठल्याची रेघ वाळलेली होती. योग्य माणसाकडे पोचल्याची दुसरी पावती लागत नव्हती.

"डबा कसा होता?" तिनं रात्री विचारलं.

महारुद्र घुटमळला. "बरा होता. कालच्यासारखा..." पुढचं त्यानं गिळलं.

मग राजेश्रीनं सगळं सांगितलं. दोडका, वांगं, बालाजीचा उजवा हात, किशनरावांच्या मिशा. महारुद्र आधी हसला. मग तो हसायचा थांबला. "म्हणजे मी इतके दिवस तुझ्यापुढं बसून त्या काकांचं कौतुक करत होतो?"

"हो."

"आणि तू ऐकून घेत होतीस?"

"घेत होते. दुसरं येत नव्हतं ना." ती अपेक्षाच्या तोंडाला लागलेला भात पुसत होती, वर न बघता बोलत होती. "आणि ते काका तुमचा उष्टा डबा घासत होते. पोरीची ड्यूटी जास्त झाली असेल, असं समजून."

महारुद्र उठला. आपलं ताट उचलून तो मोरीकडे गेला. ताटावर पाणी पडल्याचा आवाज राजेश्रीनं ऐकला, पण ती उठून बघायला गेली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं मुद्दाम काही विशेष केलं नाही. मुगाचं घुटं, भाकरी, कांदा. पोरगी रडत होती, भाकरीची एक कड थोडी जाड राहिली. रिबीन बांधून डबा दिला.

संध्याकाळी बालाजीनं डबा हातात ठेवला तो हलका होता. रिकामा असतो त्याहूनही हलका वाटला. घरी येऊन तिनं टॉवेल सोडला. डबा घासलेला होता, अगदी लख्ख नव्हे, कोपऱ्यात राख अडकली होती; पहिल्यांदाच घासणाऱ्याचं काम कळतं. वरच्या कप्प्याचं झाकण काढलं तर आत पांढराशुभ्र कापूस, सरकी काढलेला, पहिल्या वेचणीचा, कप्प्यात बसेल तेवढा दाबून भरलेला.

अपेक्षानं त्यात दोन्ही हात घातले आणि फुंकर मारली. घरभर कापूस झाला.

महारुद्र घरी आला तेव्हा राजेश्रीच्या केसांत पिठाऐवजी कापूस होता. तो बूट काढत दारातच थांबला.

"रिकामा डबा पाठवायचा नसतो म्हणतात," तो बुटाच्या नाडीला म्हणाला. "तिथं दुसरं काही नव्हतं."

"बरा आहे," राजेश्री म्हणाली.

त्यानं वर पाहिलं. ती हसू दाबत होती.

"उद्या काय देऊ डब्यात?"

महारुद्रनं खूप विचार केल्यासारखं केलं. नाडीची गाठ सुटली, तरी तो ती सोडवतच राहिला.

"तेच दे," तो म्हणाला. "जाड कडेची भाकरीबी तशीच दे."